जीपचा मागचा अॅक्सल : घरच्या अंगणातला एक धडा

‘डिफरन्शियल’ हा प्रश्न आपण परीक्षेला डायग्रॅमसकट पाठ करतो. पण तो हाताने उघडून पाहिला की कायमचा डोक्यात बसतो. जुन्या स्पोर्ट्स कार आपल्या नंदुरबार जिल्ह्यात कुठून येणार? आपल्याकडे आहे ती जीप. महिंद्रने मुंबईत विलिस जीपची जुळणी सुरू केली, आणि त्या घराण्यातल्या गाड्या सातपुड्याच्या घाटांत वर्षानुवर्षे धावल्या.

शहाद्याला माझ्या मामांची अशीच जुनी पेट्रोल जीप आहे. मागून घरघर वाढली. एका गॅरेजवाल्याने अख्खा अॅक्सल बदलायला सांगितला. एवढा खर्च करण्यापेक्षा मामा ती भंगारात द्यायला निघाले. म्हटलं, मामा, आधी उघडून तर बघू!

आधी आवाज ओळखा. अॅक्सिलरेटर दाबल्यावर येणारा आणि सोडल्यावर बदलणारा आवाज बहुधा क्राऊन-पिनियनचा असतो. चाकाच्या स्पीडबरोबर वाढणारी, अॅक्सिलरेटर सोडला तरी न बदलणारी घरघर बेअरिंगची. आमची दुसरी होती.

रेशो न उघडता काढा. गाडी न्यूट्रलमध्ये, पुढच्या चाकांना दगड, मागचं एकच चाक जॅकवर. ते दोन फेरे फिरवा आणि प्रॉपेलर शाफ्टचे फेरे मोजा. एक चाक थांबलेलं असल्याने दोन फेऱ्यांत क्राऊन एकदाच फिरतो. आमचे साधारण 5.4 आले. नंतर दात मोजले : 43 आणि 8, म्हणजे 5.375. थिअरी जुळली की काय मजा येते!

उघडताना. नुसत्या जॅकवर विसंबू नका, खाली भक्कम घोड्या लावा. तेल काढा. ड्रम टेपर शाफ्टवर घट्ट बसलेला असतो, त्याला पुलरच हवा. हातोडा मारला तर आटे जातात. ब्रेकची धूळ हवेने उडवू नका, जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतो. ओल्या फडक्याने पुसा. ब्रेकप्लेटमागचे शिम डावे-उजवे वेगळे बांधून ठेवा.

तपासताना. दातांना निळा रंग लावून क्राऊन फिरवला. ठसा दाताच्या मधोमध आला, म्हणजे जोडी ठीक. डायल गेज कॉलेजच्या वर्कशॉपमधून रीतसर सही करून नेला होता. बॅकलॅशही मर्यादेत निघाला. म्हणून क्राऊन-पिनियनला हात लावला नाही. जे नीट आहे ते खोलायचं नाही!

दोष सापडला डाव्या चाकाच्या बेअरिंगमध्ये, रोलरवर खड्डे पडले होते. ऑइल सीलही गेलं होतं, त्यामुळे तेल थेट ब्रेक शूवर. तोरणमाळच्या उतारावर हे केवढ्याला पडलं असतं! बेअरिंग, सील आणि त्या बाजूचे लायनर नवे, मग ब्रेक दोन्हीकडे सारखे लागावेत म्हणून उजवीकडचे लायनरही. शिम लावून शाफ्टचा एंड प्ले 0.10 ते 0.20 मि.मी. मध्ये आणला. हायपॉइड दात एकमेकांवर घासत सरकतात, म्हणून तेल जीएल-5 दर्जाचंच भरलं.

घरघर गेली, जीप भंगारात गेली नाही. मित्रांनो, सुट्टीत घरी जाल तेव्हा अंगणातल्या गाडीच्या मागच्या चाकाची आतली बाजू एकदा वाकून बघा. तिथे तेलाचा ओघळ दिसला, तर ती गाडी घाटात न्यायची नाही. आधी सील, मग प्रवास.