हे हाड कुणाचं, डॉक्टर?

इम्प्लांट बसवता बसवता दंतवैद्य म्हणून मला पटत गेलेल्या या काही गोष्टी.

१. दात काढला की त्याभोवतीचं हाड झिजायला लागतं. वर्षभरात तिथली रुंदी साधारण निम्म्यावर येते आणि त्यातली बरीचशी झीज पहिल्या तीन महिन्यांतच होते. ‘दिवाळीनंतर बघू’ म्हणून गेलेल्या पेशंटला मग ग्राफ्टचा, म्हणजे झिजलेल्या जागी हाड भरण्याचा, खर्च सांगावा लागतो. पुढचं काय, ते दात काढण्याआधीच ठरवावं.

२. ग्राफ्टसाठी भरायची बाटलीतली पूड कशाची आहे, हे पेशंटला सांगितलंच पाहिजे. माझ्या लेखी सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच. स्वतःचं हाड हनुवटीतून किंवा खालच्या जबड्याच्या मागच्या भागातून घेतात. त्यात जिवंत पेशी असतात, पण आणखी एक जखम सोसावी लागते. दात्याचं हाड गोठवून वाळवतात आणि गॅमा किरणांनी निर्जंतुक करतात. मुंबईत टाटा मेमोरियल रुग्णालयाची टिश्यू बँक हे काम १९८८पासून करते आहे. बाजारात सर्रास मिळणारी पूड गोवंशाच्या हाडाची असते. तिच्यातली प्रथिनं काढून टाकलेली असतात, ती फार सावकाश विरघळते, म्हणून जागा धरून ठेवते. वर घालायचा कोलॅजनचा पडदा पुष्कळदा डुकराचा असतो. आपल्याकडे किती घरांत हे चालणार नाही! अशांसाठी हायड्रॉक्सीअपेटाइट किंवा बीटा ट्रायकॅल्शियम फॉस्फेट ही कृत्रिम पूड आहे. सही झाल्यावर हे कळणं म्हणजे फसवणूकच.

३. महागडी पूड स्वतः हाड तयार करत नाही. ती वेलीसाठी घातलेला मांडव. रक्तवाहिन्या आणि पेशी पेशंटच्याच हाडातून याव्या लागतात. हिरडी हाडापेक्षा भराभर वाढते आणि आधी घुसते; तिला अडवायला पडदा लागतो. पूड हलली, टाके उसवले, तर सगळं वाया.

४. तंबाखू, मिश्री, सिगारेट यांनी जखम नीट भरत नाही. साखर आटोक्यात नसेल तर मी थांबतो.

५. ग्राफ्टनंतर साधारण चार ते सहा महिने धीर धरावा. सायनस लिफ्टला, म्हणजे वरच्या जबड्यात सायनसखाली हाड भरलं तर, त्याहून जास्तही लागतात.

६. हाडांच्या ठिसूळपणासाठी किंवा कॅन्सरसाठी झोलेड्रोनिक अ‍ॅसिडचं इंजेक्शन घेतलं असेल, मग ते कितीही जुनं असो, दातांच्या डॉक्टरांना आधी सांगा. अशा जबड्यात जखम न भरता हाड मरू शकतं.