न्त्सिकाना : गीतानें मंडळी जमविणारा आफ्रिकी भक्त

ज्या गांवीं उपदेशक महिन्यांतून एकदांच येतो आणि ज्या घरांत वाचतां येणारा कोणी नाहीं, तेथें विश्वास कशाच्या आधारें टिकावा? हा प्रश्न आम्हांस वारंवार विचारण्यांत येतो. त्याचें उत्तर ह्या पाठांत आम्ही एका आफ्रिकी गायकाच्या चरित्रावरून देऊं इच्छितों. त्याचें नांव न्त्सिकाना. तो दक्षिण आफ्रिकेंतील खोसा लोकांपैकीं होता. त्यास अक्षरओळख नव्हती. तरी त्यानें रचिलेलें स्तवन दोनशें वर्षांनंतर आजही तेथील मंडळ्यांत गाइलें जातें.

१. बीं पडलें

न्त्सिकानाचा जन्म १७८० च्या सुमारास झाला. त्याचा बाप गाबा हा खोसांचा सरदार न्गिका ह्याच्या पदरीं सल्लागार होता. गाई-बैल हेंच त्या लोकांचें धन. न्त्सिकाना गाण्यांत, नाचांत व भाषणांत पटाईत म्हणून नांवाजलेला होता. १७९९ सालीं लंडन मिशनरी सोसायटीचे व्हान डर केंप हे न्गिकाच्या मुलखांत आले व कांहीं काळ शुभवर्तमान सांगून निघून गेले. तरुण न्त्सिकानानें त्यांचा उपदेश ऐकला होता असें सांगतात. परंतु पुढें पुष्कळ वर्षें त्या बियांतून कोंब आलेला कोणास दिसला नाहीं.

२. कोंब फुटला

१८१५ च्या सुमारास त्याच्या आयुष्यांत पालट झाला. खोसा ख्रिस्ती लोकांत परंपरेनें चालत आलेली हकीकत अशी : एके सकाळीं तो गोठ्यापाशीं उभा असतां हुलुशे नांवाच्या आपल्या आवडत्या बैलावर त्यास विलक्षण तेज दिसलें. जवळच्या मुलास विचारलें, तर त्यानें कांहींच पाहिलें नव्हतें. त्याच दिवशीं तो नाचाच्या मेळ्यास गेला. पण तो नाचावयास उठला कीं सोसाट्याचा वारा सुटे. अखेर तो घरीं निघाला आणि वाटेंत नदींत उतरून त्यानें अंगाची तांबडी माती धुऊन टाकिली. तेव्हांपासून त्यानें प्रार्थनेस आरंभ केला. तें तेज कोणत्या प्रकारचें होतें ह्याचा वाद आम्ही घालीत नाहीं. झाडाची पारख फळावरून करावी, हें आपण प्रभूपासून शिकलों आहों.

३. गीत हीच घंटा, गीत हेंच पुस्तक

न्त्सिकानाजवळ घंटा नव्हती. तो पहाटे आपल्या दारांत उभा राहून गात असे, आणि तें गाणें ऐकून लोक उपासनेस जमत. त्याच्या मोठ्या स्तवनांत देव ही सत्याची ढाल आहे, गड आहे, लपावयाचें घनदाट रान आहे. ढाल खोसा योद्ध्याच्या हातची, आणि रान पळणाऱ्याच्या आश्रयाचें; ऐकणाऱ्यास अर्थ विचारावा लागत नसे. ताऱ्यांचा व कृत्तिकांचा उत्पन्नकर्ता तोच, असेंही त्यांत आहे. कृत्तिका उगवल्या म्हणजे नांगरणीचे दिवस आले असें खोसा लोक समजत. पुढें जखमी हातपायांच्या तारणाऱ्याचें वर्णन येतें. चालही खोसांचीच होती. ज्या गळ्यानें तो पूर्वीं मेळ्यांत गात असे, तोच गळा त्यानें देवास वाहिला.

१८१६ सालीं जोसेफ विल्यम्स ह्यांनीं कॅट नदीच्या कांठीं मिशनचें ठाणें घातलें. न्त्सिकाना तेथें जाऊन शिके. परंतु १८१८ सालीं विल्यम्स वारले. शिक्षक गेला, हातीं पुस्तक नाहीं. न्त्सिकानास तर अखेरपर्यंत बाप्तिस्माही मिळाला नाहीं. तरी मंडळी मोडली नाहीं, कारण जें शिकले तें लोकांच्या तोंडीं होतें.

४. परीक्षा

तो काळ रणधुमाळीचा होता. १८१२ सालीं इंग्रज सैन्यानें हजारों खोसांना त्यांच्या भूमींतून हुसकून दिलें होतें. १८१८ सालीं न्गिका आपल्याच भाऊबंदांशीं लढावयास निघाला, तेव्हां न्त्सिकानानें त्यास बजावलें असें सांगतात. त्यानें ऐकलें नाहीं आणि अमालिंडे येथें त्याचा पराभव झाला. १८१९ सालीं मखांडा नांवाच्या द्रष्ट्यानें खोसा योद्ध्यांसह ग्रॅहम्सटाऊनवर चाल केली. तेथेंही फार रक्त सांडलें. मखांडाच्या लोकांचें दुःख खरें होतें, म्हणून त्यास आम्ही तुच्छ लेखीत नाहीं. २०१८ सालीं त्या शहरास त्याचेंच नांव देण्यांत आलें. परंतु न्त्सिकानानें दुसरी वाट धरिली. त्यानें लोकांस शस्त्रासाठीं नव्हे, तर प्रार्थनेसाठीं गोळा केलें.

५. फळ

१८२१ सालीं न्त्सिकाना वारला. एकमेकांस घट्ट चिकटून राहा व मिशनच्या ठाण्यावर जा, असें त्यानें अनुयायांस सांगून ठेविलें होतें. त्याप्रमाणें ते जॉन ब्राउनली ह्यांनीं १८२० सालीं ट्यूमे येथें स्थापिलेल्या ठाण्यावर गेले. त्यांच्यापैकीं सोगा ह्याचा मुलगा टियो सोगा ह्यास १८५६ सालीं स्कॉटलंडांत पाळकाची दीक्षा मिळाली. खोसांतील तो पहिला दीक्षित पाळक. त्यानेंही गीतें रचिलीं. पुढें जॉन नॉक्स बोक्वे ह्यांनीं न्त्सिकानाचीं गीतें स्वरांसह लिहून काढिलीं आणि १९१४ सालीं त्याचें चरित्र छापून प्रसिद्ध केलें. तोंडीं राखलेला ठेवा असा कागदावर आला.

उपदेशक बंधूंनो, आपली बदली होईल, आपले दिवसही सरतील. त्या दिवशीं आपल्या वहींतील टिपणें मंडळीच्या कामीं येणार नाहींत. मोटेवर, जात्यावर व पाळण्यापाशीं जें गाइलें जातें तेंच राहील. आणि ज्या भगिनीस वाचतां येत नाहीं, तिनें आपण मंडळीस निरुपयोगी आहों असें मानूं नये. एक गीत अर्थासह पाठ करून तें नातवंडांस शिकविणें, ही सेवा तिच्या हातची आहे.

वर्गासाठीं प्रश्न

१. न्त्सिकानाच्या मनांतील बीं इतकीं वर्षें दिसलें नाहीं. ह्यावरून उपदेशकानें काय समजावें?
२. ढाल, गड व रान ह्यांच्या जागीं, आपल्या गांवच्या कोणत्या वस्तूवरून आपण देवाचें वर्णन करूं?
३. शिक्षक उद्यां निघून गेला, तर आपल्या मंडळीच्या तोंडीं काय राहील?