दुर्बीण एक, पाहणारे तीस

अहिल्यानगर जिल्ह्यातील बेलापूर हे गाव प्रवरा नदीच्या काठी वसले आहे. हीच प्रवरा पुढे प्रवरासंगम येथे गोदावरीला मिळते. पैठणजवळ १९७६ साली बांधून झालेल्या जायकवाडी धरणाचा जलाशय, म्हणजे नाथसागर, पार तेथपर्यंत पसरला आहे. हिवाळ्यात त्याच्या उथळ पाण्यात रोहित, चक्रवाक, पट्टकदंब असे पाहुणे पक्षी उतरतात. १९८६ साली या जलाशयाला पक्षी अभयारण्याचा दर्जा मिळाला.

समजा, बेलापूरच्या शाळेतील तुम्ही तीस विद्यार्थी डिसेंबरातल्या एका सकाळी या जलाशयाच्या काठी आला आहात. अर्ध्या किलोमीटरवर रोहितांचा थवा चरतो आहे. तुमच्याबरोबर आलेल्या पक्षिनिरीक्षकांनी तिवईवर आपली मोठी दुर्बीण लावली आहे. दुर्बीण एकच! रांगेतल्या तिसाव्या विद्यार्थ्याला रोहित दिसेल का? ते पहिल्या एकोणतीस जणांच्या वागण्यावर अवलंबून आहे. हे वागणे कसे असावे, ते प्रकाशाचे शास्त्रच आपल्याला सांगते.

हात पाठीमागे. अशा दुर्बिणीतून वस्तू २० पट मोठी दिसते, पण दिसणारा भाग फार थोडा असतो. साधारण २ अंशांचा. अर्ध्या किलोमीटरवर ही रुंदी सुमारे १७ मीटर भरते. मध्यभागी दिसणारा पक्षी दृष्टिक्षेत्राबाहेर जायला दुर्बीण फक्त १ अंशाने वळावी लागते. नळी ३० सेंटिमीटर लांब असेल, तर तिचे टोक जेमतेम अर्धा सेंटिमीटर सरकले की झाले! म्हणून नळीला, तिवईला हात लावू नका. प्रतिमा अस्पष्ट वाटली, तर विचारून फक्त ती स्पष्ट करणारी कडी हळूच फिरवा.

उंच मुलांनी वाकावे. दुर्बिणीची उंची सर्वांत बुटक्या विद्यार्थ्याला सोयीची ठेवावी. उंच मुलाला वाकता येते. बुटक्याला उंच होता येत नाही. मध्येच तिवई वरखाली केली, तर पक्षी पुन्हा शोधावा लागतो.

चष्मा काढू नका. चष्म्यामुळे तुमची दृष्टी इतरांसारखी होते. त्यामुळे एकदा स्पष्ट केलेली प्रतिमा बहुतेकांना तशीच चालते. नेत्रभिंगाभोवतीची रबरी कड दुमडली, की चष्म्यासह डोळा पुरेसा जवळ नेता येतो.

विशालन कमी ठेवा. वस्तुभिंगाच्या व्यासाला विशालनाने भागले, की नेत्रभिंगातून बाहेर पडणाऱ्या प्रकाशझोताची जाडी मिळते. ६० मिलिमीटरच्या भिंगाला २० पट विशालनावर ती ३ मिलिमीटर असते, तर ६० पट विशालनावर फक्त १ मिलिमीटर. एवढ्या बारीक झोतावर डोळा नेमका आणायला नवख्याला वेळ लागतो. रांग मोठी असेल तेव्हा २० पट पुरे.

आधी दहा अंक, मग दुसरी फेरी. प्रत्येकाने मनात दहा आकडे मोजेपर्यंतच पाहिले, तर तीस जणांची पहिली फेरी पाच-सहा मिनिटांत संपते. प्रत्येकाने एक मिनिट घेतले, तर अर्धा तास जातो. थवा तोवर थांबेलच असे नाही. चोच, पाय, पंख निवांत पाहायचे ते दुसऱ्या फेरीत. तुमच्या पाळीत पक्षी हलला, तर स्वतः शोधत बसू नका; लगेच बाजूला होऊन सांगा.

जवळ जाऊ नका. चरणाऱ्या थव्याला उडवले, तर त्याचे खाणे थांबते आणि उडण्यात शक्ती खर्च होते. ती शक्ती त्याला पुढच्या प्रवासासाठी हवी असते. दूर राहून पाहता यावे, यासाठीच तर दुर्बीण! ती सूर्याकडे मात्र कधीही वळवू नका. क्षणात डोळा कायमचा अधू होऊ शकतो.

करून पाहा. सूर्याकडे पाठ करून दुर्बीण मोकळ्या आकाशाकडे रोखा आणि नेत्रभिंगाकडे हातभर अंतरावरून पाहा. एक लहानसे प्रकाशमान वर्तुळ दिसेल. तोच बाहेर येणारा झोत! नेत्रभिंगाला न टेकवता पट्टी धरून त्याचा व्यास मोजा आणि वरील भागाकाराशी ताडून पाहा.

सहलीहून परतल्यावर 'मी काय पाहिले' याबरोबर आणखी एक नोंद वहीत करा : रांगेतल्या शेवटच्या मुलाला काय दिसले? त्याच्या उत्तरात 'रोहित' असेल, तर तुम्हा सर्वांचे पक्षिनिरीक्षण यशस्वी झाले.