आपले गाव किती सुरक्षित? आकडा, अफवा आणि आपण

(अभ्यासलेख : इयत्ता आठवी ते दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी, पालकांनी व विश्वस्त मंडळींनीही वाचावा.)

नागरिकशास्त्राच्या पुस्तकात पोलीस, न्यायालय आणि पंचायत यांचे धडे आहेत. "आपल्या गावात गुन्हे वाढले आहेत का?" हा प्रश्न मात्र त्यात नाही. तो ओट्यावर, किराणा दुकानात आणि हल्ली मोबाइलवर विचारला जातो. आपल्या गंधवानीसारख्या तहसीलीच्या लहान गावात त्याचे उत्तरही तयार असते, "जमाना खराब झाला आहे!" या एका वाक्यावर घरोघरी निर्णय होतात. मुलीची संध्याकाळची शिकवणी बंद होते. मुलाला एकट्याने हाटात जाऊ देत नाहीत. फलियावरून आलेल्या अनोळखी माणसाकडे संशयाने पाहिले जाते. ज्या उत्तरावर इतके अवलंबून आहे ते तपासून पाहायला हवे. या लेखात आम्ही तेच करणार आहोत.

१. आकडा कुठून येतो?

थान्यात जी प्रथम खबर, म्हणजे एफआयआर, लिहिली जाते तिच्यातून गुन्ह्याचा आकडा जन्मतो. थाने, जिल्हा आणि राज्य असा प्रवास करत तो दिल्लीच्या राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाकडे पोहोचतो. हा विभाग १९८६ मध्ये स्थापन झाला. देशातील गुन्ह्यांचा वार्षिक अहवाल त्याच्याही आधीपासून, १९५३ सालापासून निघतो.

हा अहवाल वाचताना दोन गोष्टी ध्यानात ठेवा. एका एफआयआरमध्ये अनेक कलमे असली तरी मोजणीत सर्वांत गंभीर गुन्हाच धरतात. घरात शिरून चोरी करताना कोणाचा खून झाला, तर तो खुनाच्या रकान्यात जातो, चोरीच्या नाही. दुसरी गोष्ट थान्याच्या हद्दीची. गंधवानी थान्याचा आकडा म्हणजे गंधवानी गावाचा आकडा नव्हे. थान्याच्या हद्दीत आसपासची कितीतरी गावे येतात. दूरच्या गावात शेताच्या बांधावरून झालेली मारामारीही त्याच रजिस्टरात लिहिली जाते.

२. लहान गावाचे गणित

मोठे शहर आणि लहान गाव यांची तुलना करता यावी म्हणून दर एक लाख लोकसंख्येमागे किती गुन्हे झाले ते काढतात. त्याला गुन्ह्याचे प्रमाण म्हणतात. आता एक कल्पित उदाहरण सोडवू. समजा, एका गावाची लोकसंख्या १०,००० आहे. गेल्या वर्षी तिथे ३ घरफोड्या झाल्या, यंदा ६ झाल्या. प्रमाण लाखामागे ३० होते, ते ६० झाले. वर्तमानपत्र "घरफोड्यांत शंभर टक्के वाढ" असे छापू शकते, आणि ते खोटेही नाही. पण एकाच चोराने एका रात्री तीन कुलपे तोडली असतील तरी हीच वाढ दिसेल. तो पकडला गेला की पुढच्या वर्षी "पन्नास टक्के घट" झाल्याचे छापून येईल! म्हणून लहान गावाचा एका वर्षाचा आकडा कधीही एकटा वाचू नये. निदान पाच वर्षांची सरासरी काढावी.

आणखी एक गोम आहे. हाटाच्या दिवशी, आणि होळीआधीच्या भगोरियाला तर विशेषच, आसपासच्या गावांतून माणसांचा लोंढा येतो. गर्दीत खिसा कापला गेला तर गुन्हा गावाच्या नावावर चढतो, पण भागाकार करताना फक्त राहत्या लोकांची संख्या घेतात. त्यामुळे बाजाराच्या गावाचे प्रमाण आहे त्याहून वाईट दिसते.

३. जे लिहिलेच गेले नाही

ही अडचण केवळ आपली नाही. इंग्लंडमधल्या लहान खेड्यांतही लोक हेच विचारतात. तिथे १९८२ पासून एक निराळी पाहणी होते. पोलिसांच्या रजिस्टरावर न थांबता घरोघरी जाऊन विचारतात, "गेल्या वर्षभरात तुमच्या बाबतीत कोणता गुन्हा घडला?" जितके गुन्हे पोलिसांच्या दप्तरात होते त्यापेक्षा कितीतरी जास्त लोकांनी सोसले होते, असे त्या पाहणीतून दिसले. त्याच वर्षी चेशर परगण्यातील मॉलिंग्टन या छोट्या खेड्यात लोकांनी शेजार-राखण मंडळ सुरू केले. देशभर पसरलेल्या त्या चळवळीचे हे पहिले मंडळ. २०११ पासून तिथल्या पोलिसांनी गल्लीगल्लीचे गुन्हे नकाशावर दाखवायला सुरुवात केली. मात्र नेमके घर ओळखू येऊ नये म्हणून ठिपका जरा बाजूला ठेवतात. माहिती सर्वांची, पण पीडिताची अब्रू त्याची स्वतःची, हा विचार आपणही घ्यावा असा आहे.

यातून एक उलटे वाटणारे सत्य निघते. ज्या गावात लोक निर्भयपणे तक्रार लिहवतात तिथला आकडा फुगलेला दिसतो. जिथे लोक भितात किंवा "थान्याची पायरी नको" म्हणतात तिथला आकडा लहान राहतो. लहान आकडा म्हणजे सुरक्षित गाव, असे समजू नका.

४. 'अपहरण' हा शब्द

मुलांच्या अपहरणाचे मोठे आकडे वाचून पालकांच्या पोटात गोळा येतो. ते साहजिक आहे. पण त्यामागचा नियम माहीत हवा. मे २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की अठरा वर्षांखालील मूल हरवल्याची खबर आली, तर पोलिसांनी प्रथमतः अपहरण किंवा मानवी व्यापार झाला असे धरून गुन्हा नोंदवावा व शोध घ्यावा. हा नियम मुलांच्या हिताचाच आहे, कारण शोध ताबडतोब सुरू होतो. परिणाम असा की रागावून मामाकडे गेलेला मुलगा, कोणाला न सांगता मजुरांच्या टोळीबरोबर गुजरातेत गेलेला मुलगा आणि खरोखर पळवून नेलेले मूल, ही सारी सुरुवातीला एकाच रकान्यात बसतात. रकान्यातल्या प्रत्येक आकड्यामागे पोते घेऊन फिरणारा माणूस नसतो.

५. अफवेची किंमत

हे न समजल्याने काय होते, हे आपल्या शेजारीच घडले आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये मनावर थान्याच्या हद्दीत बोरलाई येथे जमावाने काही शेतकऱ्यांना बेदम मारले. मजुरांना आगाऊ दिलेले पैसे परत मागायला ते इंदूर-उज्जैनकडून आले होते. "मुले पळवणारे आले" अशी हाक उठली. कोणी थांबून विचारले नाही. एकाचा जीव गेला, बाकीचे जखमी झाले.

त्याआधी १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे बाजाराच्या दिवशी नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना याच संशयावरून ठार मारण्यात आले. मुले पळवली गेली नव्हती. पाच घरे मात्र उद्ध्वस्त झाली आणि मारणाऱ्यांच्या घरांतही तुरुंगाची सावली आली.

विद्यार्थी मित्रहो, असा संदेश मोबाइलवर आला तर तो पुढे पाठवणारा प्रत्येक जण त्या जमावात पाऊल टाकत असतो. संशय आला तर माणसाला हात लावायचा नाही. ११२ वर फोन करायचा आणि पोलीस येईपर्यंत चार वडीलधाऱ्यांनी शांतपणे थांबायचे.

६. राखण कोणी केली?

आपल्या मंडळींत कधी कधी एक वाक्य ऐकू येते, "हा इलाकाच तसा आहे." बोलणाऱ्याचा रोख फलियांवरच्या भिल्ल-भिलाला बांधवांकडे असतो. २०११ च्या जनगणनेनुसार धार जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे २१ लाख ८६ हजार होती आणि तिच्यातले निम्म्याहून अधिक लोक अनुसूचित जमातींचे होते. आपल्या वर्गातल्या बाकावर शेजारी बसणारा मित्र त्यांच्यातलाच आहे.

इतिहास पाहा. अठराव्या शतकात पवारांबरोबर मराठी माणसे धार-देवासला येऊन स्थिरावली. त्या शतकाच्या शेवटी आणि पुढे पेंढाऱ्यांच्या धामधुमीत माळवा होरपळला. १८१८-१९ च्या तहांनंतर शांतता आली, पण माळव्यातून निमाडात उतरणाऱ्या घाटवाटा कोण सांभाळणार? ते काम भूमिया म्हणवणाऱ्या भिल्ल-भिलाला सरदारांकडे होते. त्यांच्या हद्दीत वाटमारी झाली तर जबाबदारी त्यांची असे. खानदेशात १८२५ मध्ये औट्रमने धरणगावला भिल्लांची पलटण उभी केली. पुढे धार भागात सरदारपूरलाही भिल्ल पलटण होती. ज्यांच्या नावाने भीती घालतात त्यांनीच वाटा राखल्या.

काही जमातींवर जन्मतःच गुन्हेगार असा शिक्का मारणारा कायदा इंग्रजांनी १८७१ मध्ये केला होता. स्वतंत्र भारताने तो १९५२ मध्ये काढून टाकला. कायद्याने पुसलेला शिक्का आपण जिभेवर ठेवू नये. गुन्हा माणूस करतो, जमात करत नाही.

७. मग खरा धोका कुठे आहे?

पहिला धोका रस्त्यावर आहे. २०२२ या वर्षी देशात २८,५२२ खून नोंदले गेले. त्याच वर्षी रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली, म्हणजे जवळजवळ सहापट. चोराच्या भीतीने दाराला दोन कुलपे लावणारा बाप मुलाला हेल्मेटशिवाय मोटारसायकल देतो, याचा विचार व्हावा.

दुसरा धोका बोलायला अवघड आहे, पण शाळेच्या पत्रिकेने तो टाळू नये. मुलांवरील लैंगिक अत्याचारांत आरोपी बहुतेक वेळा मुलाच्या ओळखीचा असतो, असे राष्ट्रीय अहवाल वर्षानुवर्षे सांगत आले आहेत. अनोळखी माणसापासून सावध करणे पुरेसे नाही. घरच्या, शेजारच्या, शिकवणीच्या किंवा शाळेतल्याही माणसाबद्दल मुलाने काही सांगितले तर त्यावर विश्वास ठेवा. २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे असा गुन्हा कळल्यावर खबर देणे प्रत्येकावर बंधनकारक आहे आणि संस्थाप्रमुखाने ती दडवली तर त्याला शिक्षा आहे. विश्वस्त मंडळींना आमची नम्र विनंती आहे : संस्थेची अब्रू गप्प राहून टिकत नाही, मुलाच्या पाठीशी उभे राहून टिकते.

८. आपण काय करावे?

तक्रार लिहवा. १ जुलै २०२४ पासून नवी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे. तिच्याप्रमाणे दखलपात्र गुन्हा कोणत्याही हद्दीत घडला असला तरी खबर कोणत्याही थान्यात देता येते. तक्रारदाराला एफआयआरची प्रत फुकट मिळते. इलेक्ट्रॉनिक मार्गाने खबर दिली तर तीन दिवसांत जाऊन सही करावी. थान्यात लिहून घेतले नाही, तर जिल्हा पोलीस अधीक्षकांना लेखी कळवता येते.

क्रमांक पाठ करा. तातडीची मदत ११२. अडचणीतील मुलांसाठी १०९८. महिलांसाठी १८१. फोनवरून वा इंटरनेटवरून पैसे लुबाडले गेले तर १९३०, आणि तोही विलंब न करता.

ओळख ठेवा. गावाच्या कोतवाराचे नाव आपल्याला माहीत असावे. मध्य प्रदेशात ग्राम व नगर रक्षा समित्यांसाठी १९९९ चा कायदा आहे. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २००७ रोजी महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली, तिचा गाभा हाच की भांडण वाढण्याआधी गावाने ते समजुतीने मिटवावे. मात्र गंभीर गुन्हा हा तंटा नव्हे. तो पंचांत मिटवायचा नसतो.

वर्ग बंद करू नका. भीती वाटली की सर्वांत आधी मुलीचे शिक्षण कापले जाते. संध्याकाळचा वर्ग बंद करण्याऐवजी रस्त्यावर दिवा लागेल का, चार मुली मिळून घरी जातील का, वाटेतला एखादा दुकानदार दहा मिनिटे लक्ष ठेवील का, हे आधी पाहावे. मुली, बाया आणि म्हातारी माणसे संध्याकाळी निर्धास्त फिरू लागली की रस्ता आपोआप राखला जातो. रिकामा रस्ताच धोक्याचा असतो.

स्वाध्याय

१. एका गावाची लोकसंख्या ८,००० आहे. पाच वर्षांत अनुक्रमे २, ५, १, ४ व ३ चोऱ्या झाल्या. वार्षिक सरासरी व लाखामागचे प्रमाण काढा. फक्त दुसरे वर्ष पाहिले असते तर काय वाटले असते?

२. मोबाइलवर आलेल्या एखाद्या भीतीदायक संदेशाला तीन प्रश्न विचारा : कुठे घडले? केव्हा घडले? पाहिले कोणी? उत्तरे वहीत लिहा.

३. शाळेपासून घरापर्यंतच्या वाटेचा नकाशा काढा. दिवा नसलेली जागा, वेगाने गाड्या येणारे वळण आणि मदत मागता येईल अशी घरे दाखवा. नकाशात कोणाचे नाव लिहू नका.

तिसऱ्या प्रश्नाचे नकाशे पालकसभेत मांडावेत व त्यांवरून दिव्यांची मागणी पंचायतीकडे लेखी द्यावी, असे आम्ही सुचवतो.