दोष हरणाचा की उंदराचा?

अमेरिकेतील लाइम गावात १९७५ च्या सुमारास अनेक मुलांचे सांधे सुजले. यामागे गोचिडीतून शिरणारा जंतू आहे, हे १९८२ साली विली बर्गडॉर्फर प्रभृतींच्या संशोधनाने स्पष्ट झाले.

दोष हरणांवर आला. वस्तुतः अंड्यातून निघालेल्या अळीत हा जंतू नसतो. पांढऱ्या पायांच्या रानउंदराचे रक्त पिताना तो तिच्यात शिरतो. पुढच्या अवस्थेत ती माणसाला चावते. हरणाकडून गोचिडीला जंतू मिळत नाही. मात्र पूर्ण वाढलेल्या गोचिडी त्याच्यावर पोसतात व मादी हजारो अंडी घालते.

वाणिज्याच्या भाषेत, उंदीर हे जंतूंचे कोठार, गोचीड हमाल आणि हरिण हमालांची खानावळ! एकालाच आरोपी ठरवून भागत नाही. दोघांचा हिशेब एकत्रच मांडावा लागतो.