तांब्याऐवजी पळी

आमच्या अंगणातली तुळस तीन वर्षांत तीनदा गेली आणि तिन्ही वेळा जानेवारीतच. पहिल्या वर्षी सासूबाई म्हणाल्या, "थंडीनं गेली गं." दुसऱ्या वर्षी काहीच बोलल्या नाहीत. तिसऱ्या वर्षी मात्र शेजारणीच्या देखत विचारलं, "तू करतेस तरी काय तिला?"

मी काय करत होते? रोज अंघोळ झाली की तांब्याभर पाणी घालत होते. माझं माहेर चिपळूणचं. तिथे आई बारा महिने तांब्याच ओतायची आणि वृंदावनातली तुळस माझ्या कमरेला लागायची. नाशिकला आले तेव्हा बाकी सगळं बदललं, तांब्या तेवढा तोच राहिला.

तिसरी तुळस उपटली तेव्हा कुठे मुळांकडे बघितलं. वरची बोटभर माती अगदी भुकटी आणि खाली नुसता चिखल. मुळं तपकिरी, लिबलिबीत, वास आलेली. म्हणजे थंडीनं ती आजारी पडली असेल, पण मारलं मीच. नाशिकला रात्री पारा 8-10 अंशांवर उतरला की तुळशीची वाढ जवळजवळ थांबते आणि मुळं पाणी ओढेनाशी होतात. दुपारी मात्र 28-29 अंशांचं कोरडं ऊन पडतं आणि वरची माती वाळून पांढरी पडते. आपण वरून बघतो, जीव कळवळतो आणि पुन्हा पाणी घालतो.

आपल्याकडची थंडी रात्रपाळी करते, दिवसा ती सुट्टीवर असते. एवढी साधी गोष्ट मला उशिरा कळली, कारण माझं बागेचं शिक्षण मोबाइलवर झालं. थंडीतली बाग म्हणून जे जे बघितलं ते बर्फ पडणाऱ्या देशांतलं. त्यात काही खोटं नव्हतं, फक्त ते माझ्या अंगणाचं नव्हतं.

त्याच भरात एका डिसेंबरात मी टोमॅटो आणि मिरचीच्या कुंड्या प्लास्टिकच्या कागदानं झाकल्या. निफाडचा पारा पाच-सहा अंशांवर आल्याची बातमी वाचून मी घाबरले होते. दुसऱ्या दिवशी एका लग्नाला जायचं होतं. घाईत कागद काढायचा राहिला. दुपारी परत आले तेव्हा झाडं अक्षरशः उकडली होती, पानं शिजवलेल्या पालकासारखी.

निफाड तालुक्यात माझ्या मामेभावाची द्राक्षबाग आहे. त्याला सांगितलं तर तो हसत सुटला. "ताई, अगं, थंडीत आम्ही पहाटे बागेत शेकोट्या करतो, पाणी सोडतो, पण झाडाचं तोंड कशाला बांधतेस?" कडाक्याच्या थंडीत द्राक्षमणी तडकतात, म्हणून तिकडे ही पहाटेची धावपळ असते. विहिरीचं किंवा बोअरचं पाणी पहाटेच्या हवेपेक्षा उबदार असतं, त्यानं मुळांना धग मिळते. हे ऐकून मी लगेच पहाटे पाइप धरला! पण माझं पाणी गच्चीवरच्या टाकीतलं, रात्रभर गारठलेलं. उसना शहाणपणा असा अर्धाच घेतला की महागात पडतो. टाकीचं पाणी द्यायचं तर आठ-नऊनंतर, ऊन अंगावर आल्यावर द्यावं. संध्याकाळी तर नकोच, ओली पानं आणि लांब रात्र हे बुरशीला आमंत्रण आहे.

झाकायचंच असेल तर जुनं सुती लुगडं किंवा शेडनेट घ्या. चार काठ्या रोवून त्यावर टाका, पानांना टेकू देऊ नका आणि सकाळी आठच्या आत काढा. तेही कोवळी रोपं, तुळस आणि मिरची यांच्यापुरतंच. मेथी, कोथिंबीर, मुळा, कोबी यांना या गारव्याची उलट गोडी असते. त्यांना पांघरूण घालणं म्हणजे पोहणाऱ्याला छत्री देणं.

गुलाबाचं दुःख वेगळं. नाशिकचं जुनं नाव गुलशनाबाद, त्यामुळे आपल्या दारी गुलाब नसणं मला कमीपणाचं वाटायचं. थंडीत गुलाब छाटावा असं कुठेतरी ऐकलं होतं, म्हणून ऐन नाताळात कात्री चालवली. छाटणीनंतर फुलायला साधारण 45 दिवस लागतात. माझी फुलं आली फेब्रुवारीच्या मध्याला. उन्हानं पाकळ्यांच्या कडा करपलेल्या, फुलं रुपयाएवढी. तेव्हा शेजारच्या बंगल्यात तळहाताएवढे गुलाब डिसेंबरपासून फुलून आता दमले होते. त्यांची छाटणी झाली होती ऑक्टोबरच्या मध्याला, परतीचा पाऊस थांबल्या थांबल्या. बाहेरच्या अंगाला तोंड असलेल्या डोळ्याच्या वर तिरका काप घ्यायचा आणि कापावर मोरचूद व चुन्याची पेस्ट लावायची, इतकंच. पण महिना चुकला की कापाचा कोन कितीही अचूक असला तरी काय उपयोग?

आणि भोगी. यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण इथे मी सगळ्यांत जास्त फजीत झाले.

भोगीची भाजी आपल्या गच्चीवरच्या पावट्याची, मटाराची, गाजराची, वांग्याची करायची असा घाट घातला. सगळ्यांना सांगून बसले. थंडी चांगली पडू दे म्हणून थांबले आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी स्वेटर घालून बी पेरलं. भोगी 13 जानेवारीला. त्या दिवशी माझे मटार वीतभर उंच होते आणि गाजरं काडेपेटीतल्या काडीएवढी. भाजी अर्थातच मंडईतून आणली आणि नणंदेनं वाढताना विचारलं, "यातलं गच्चीवरचं काय?" मीठ, असं उत्तर सुचलं ते रात्री.

मटारानं पुढे फूल धरलं जानेवारीच्या अखेरीस. तोवर पानांवर भुरी आली, जणू कुणी पिठाचा हात पुसलाय. मग फेब्रुवारीची उन्हं तापली, निम्मी फुलं गळाली आणि ज्या शेंगा धरल्या त्या चिवट निघाल्या.

तेव्हापासून मी भोगीपासून उलटी मोजते. मटाराला पहिली शेंग यायला 60 ते 70 दिवस, रात्री गार असल्या की आठवडाभर वर. म्हणजे बी ऑक्टोबरच्या शेवटी जमिनीत हवं. गाजराला 80-90 दिवस, ते ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात. वांग्याचं रोप तयार व्हायलाच पाच-सहा आठवडे जातात, म्हणून त्याचं बी पावसाळ्यात, ऑगस्टमध्ये. थोडक्यात, हिवाळी बाग ऑक्टोबर हीटमध्ये घाम पुसत लावायची असते. स्वेटर कपाटातून बाहेर काढेपर्यंत थांबलात तर उरतात मेथी आणि कोथिंबीर. मेथी महिन्याभरात हाताशी येते, तिला माफ असतं. धने मात्र रगडून दोन डाळी करून पेरा, अख्खे टाकलेत तर वाट बघत बसाल. लसणाची पाकळीही न सोलता, टोक वर करून ऑक्टोबर-नोव्हेंबरातच लावावी.

फ्लॉवरची रोपं घेताना रोपवाटिकेत नुसतं "द्या हो दोन डझन" म्हणू नका. लवकरचं वाण उशिरा लावलं किंवा ट्रेमध्ये थकलेली जून रोपं घेतली, तर गड्डा सुपारीएवढाच येतो. माझ्याकडे अशा बारा सुपाऱ्या होत्या. चार आठवड्यांची ताजी रोपं मागा आणि हे वाण आत्ताचं आहे का, ते विचारा.

ढगाळ दिवस आले की पावट्याच्या शेंड्यांवर मावा बसतो. रात्रभर भिजवलेल्या निंबोळीच्या भरडीचा अर्क, लिटरला 50 ग्रॅम या हिशोबानं, गाळून संध्याकाळच्या आधी फवारावा. लाल पाठीचे, काळ्या ठिपक्यांचे भुंगे दिसले तर फवाराही थांबवा, ते मावा खातात. मी एकदा कीड समजून त्यांनाच वेचून मारलं आहे.

शेवंतीचं कोडं मात्र दोन वर्षं सुटलं नाही. फाटकाजवळच्या चार कुंड्या हिरव्यागार, पण कळीचा पत्ता नाही. खत वाढवलं, पानं आणखी माजली. मागच्या दारची दुर्लक्षित कुंडी मात्र पिवळीधमक. शेवंती फुलते ती रात्र लांबली की, आणि माझ्या फाटकावर रात्रभर एलईडी दिवा जळतो. तिच्या लेखी रात्र होतच नव्हती! नोव्हेंबरच्या सुरुवातीला एक कुंडी मागच्या अंधारात नेली, ती जानेवारीत फुलली. पॉइन्सेटियाचंही असंच आहे. दिवा काढता येत नसेल तर कुंडी हलवा.

आता पुन्हा पाण्याकडे येते. बोटाची दोन पेरं मातीत घाला, आत ओल लागली तर आजचं पाणी उद्यावर. कुंडी जराशी उचलून बघायची सवय लावा, वजनावरून बरंच कळतं. मोगरा आणि अडेनियम थंडीत झोपतात, त्यांचं पाणी तोडा आणि खत तर देऊच नका. वाढीला लागलेल्या भाज्यांना मात्र ही काटकसर नको, उथळ क्रेटमधली मेथी दुपारच्या वाऱ्यानं एका दिवसात कोमेजते. तुळशीच्या मंजिऱ्या वेळेवर खुडा, त्यांचं बी ठेवा आणि एखादं जोडरोप पावसाळ्यातच तयार करून ठेवा.

चौथी तुळस दोन हिवाळे टिकली आहे. पूजेचं पाणी बंद करा असं सासूबाईंना सांगायची माझी छाती नव्हती, म्हणून तांब्याशेजारी तांब्याची पळी ठेवली. नैवेद्याला पळीभर पाणी चालतं, तर तुळशीला का नाही, असं म्हटलं. त्यांनी ते मानलं, पण पूर्ण नाही. मी बघत असले की त्या एक पळी घालतात. मी स्वयंपाकघरात गेले की आणखी दोन घालतात, मग तांब्यात उरलेलं मेथीच्या क्रेटमध्ये ओततात आणि मला ऐकू जाईल अशा आवाजात तुळशीला म्हणतात, "घे बाई, तहान लागली असेल तर सांग."