आपणांस ओळखा, मग आपली ओळख करून द्या

अभ्यासवर्गासाठी धडा

शास्त्रभाग : निर्गम ३:१-१२ व ४:१०-१६, प्रेषितांची कृत्ये २१:३७ ते २२:२९, रोमकरांस १२:३-८, १ करिंथकरांस ७:२३.



ज्यास संसारात पुढे यावयाचे आहे त्याने आपले गुण ओळखून स्वतःस चांगल्या भावाने विकावे, असा उपदेश आजच्या तरुणांस चोहोंकडून होत आहे. हा शब्द ऐकून खेड्यांतील विश्वासणाऱ्यांस संकोच वाटतो, आणि तो वाजवीच आहे. मनुष्य विकला जातो म्हणजे काय होते, हे नगर व बीडकडील पुष्कळ घरांस अनुभवाने ठाऊक आहे. मुकादमाची उचल अंगावर घेतली म्हणजे ती फिटेपर्यंत नवराबायको ऊसतोडीस बांधली जातात, आणि त्या दोघांस मिळून 'एक कोयता' असे म्हणतात. तेथे माणसाचे नाव बुडते व हत्याराचे नाव उरते.

याविषयी पौलाच्या शिकवणीचा आशय असा की, ख्रिस्ताने भारी किंमत भरून आपणांस आपले करून घेतले आहे, तेव्हा मनुष्यांची गुलामी पत्करण्यास आपण मोकळे नाही. म्हणून ख्रिस्ती मनुष्याजवळ विकावयास स्वतःचा जीव नाही. तथापि आपले श्रम, आपले कसब व आपला खरेपणा ही त्याने लोकांपुढे ठेवावी, आणि त्यांचे योग्य मोल घ्यावे, यात काही पाप नाही. परंतु जो आपल्या गाठी काय आहे हे जाणत नाही, तो लोकांपुढे काय ठेवील? म्हणून आत्मपरीक्षण हा या धड्याचा विषय आहे.

१. उणे मोजणे हेही खोटे माप आहे. देवाने मोशेस बोलाविले तेव्हा त्याने आपल्या जड जिभेची सबब सांगितली. ती सबब खोटी नव्हती, आणि देवाने त्याच्या जोडीस अहरोन दिला. परंतु मोशेने आपल्या जिभेचा उणेपणा मोजला, तसे आपल्या पायांचे ज्ञान मोजले नाही. सासऱ्याची मेंढरे चारीत तो होरेब डोंगरापर्यंत येत असे. स्तेफनाच्या भाषणावरून दिसते की, मिद्यानात त्याची ४० वर्षे गेली होती. जे लोक त्यास मिसरातून काढावयाचे होते, ते त्याच डोंगरापाशी आणावयाचे होते. ज्या वर्षांस तो फुकट गेलेली समजत असेल, तीच त्याच्या कामाची तयारी होती.

रोमकरांस लिहिताना पौल प्रत्येकास आपला अंदाज समतोल बुद्धीने करण्यास सांगतो. फाजील अंदाज करणे हा गर्व होय, हे आपणांस पाठ आहे. परंतु देवाने दिलेले देणे नाकारणे ही नम्रता नव्हे, हे आपण विसरतो. 'आम्ही अडाणी, आम्हांस काय येते?' असे म्हणणारी बहीण जर गावातील बाळंतिणींची सेवा करीत असेल, तर तिचे बोलणे खरे नाही.

२. निवड करावी, बनावट करू नये. यरुशलेमेत दंगा झाला तेव्हा सरदाराने पौलास एक मिसरी बंडखोर समजले. पौल त्याच्याशी ग्रीक भाषेत बोलला व आपण तार्स नगराचे यहूदी आहो असे त्याने सांगितले. लोकसमुदायाशी तो इब्री भाषेत बोलला, आणि गमलियेलापाशी झालेले आपले शिक्षण त्याने सांगितले. फटके मारण्यास बांधले तेव्हा त्याने आपले रोमी नागरिकत्व पुढे केले. एकाच माणसाच्या या तीन ओळखी, आणि तिन्ही खऱ्या. ऐकणाऱ्यास जे कळणे अगत्याचे तेच त्याने निवडले, पण नसलेले काही जोडले नाही. आपण मंडळीचा छळ केला, ही लाजेची गोष्टही त्याने लपविली नाही.

कांद्याच्या बाजारात हेच पाहावयास मिळते. वर मोठा कांदा व खाली गोल्टी भरून आणणाऱ्याची गाडी ओतली की सोंग उघडे पडते, आणि मग चांगल्या मालाचाही भाव उतरतो. ज्याने घरीच निवड केली, त्याच्या गोल्टीसही गिऱ्हाईक मिळते.

३. आपल्याच लोकांतील दोन साक्षी. पंडिता रमाबाईंस त्यांच्या संस्कृत ज्ञानाबद्दल १८७८ साली कलकत्त्यास मान मिळाला होता. १८८६ साली त्या अमेरिकेस गेल्या, तेव्हा विधवांची दुःखे ही स्वतः विधवा असलेली विदुषी सांगत आहे, हेच त्यांच्या शब्दांचे बळ होते. १८८७ साली बोस्टन येथे त्यांच्या कार्यास साह्य करणारी मंडळी स्थापन झाली व १८८९ साली मुंबईत शारदा सदन उघडले. त्यांनी आपली ओळख पुढे केली ती आपल्या बहिणींसाठी.

लक्ष्मीबाई टिळक यांस शाळेचे शिक्षण लाभले नव्हते. त्यांनी पंडिती भाषेचे सोंग घेतले नाही. जसे बोलावे तसे त्यांनी लिहिले, आणि १९३४ पासून प्रसिद्ध झालेली त्यांची 'स्मृतिचित्रे' आजही घरोघर वाचतात.

४. कृती. या आठवड्यात प्रत्येकाने एका कागदावर तीन गोष्टी लिहाव्या : मी स्वतः केलेली कामे, मला न येणाऱ्या गोष्टी, आणि मजवर विश्वास ठेवून लोक जी कामे मला सांगतात ती. हा कागद खरे बोलणाऱ्या एका मित्रास दाखवावा व प्रार्थनेत देवापुढे ठेवावा.

नोकरीच्या मुलाखतीस जाणाऱ्या तरुणांस आम्ही विशेष सांगतो. बापाने ऊस तोडला ही गोष्ट लपवू नका. ज्या मुलाने पहाटे उठून मोळ्या बांधल्या व मुकादमाच्या वहीशी घरचा हिशेब ताडून पाहिला, त्याने कष्ट व हिशेब या दोन विद्या शिकल्या आहेत. त्या स्पष्ट सांगा. इंग्रजी वाचता येते पण बोलताना अडते, तर तसेच सांगा. खोट्या ओळखीवर मिळविलेली जागा रोज नवे खोटे मागते. आणि जागा न मिळाली तरी तुमचे मोल उतरले असे समजू नका. ते त्या कचेरीत ठरले नाही.

नव्या गावी जाणाऱ्या उपदेशकांनीही हे ध्यानात ठेवावे. कूळ व गाव विचारतील तेव्हा गडबडू नये. आपण कोण होतो, ख्रिस्ताने काय केले, व गावाच्या कोणत्या उपयोगी पडू शकतो, हे थोडक्यात सांगावे. लोक आधी माणूस पाहतात, मग त्याचा संदेश ऐकतात.

वर्गात विचारण्याचे प्रश्न

(१) मोशेने आपल्याविषयी काय जाणले व काय जाणले नाही?
(२) पौलाने निवड केली, बनावट केली नाही, हे कशावरून दिसते?
(३) आपल्या मंडळीत कोणाचे देणे अद्याप झाकलेले आहे? ते त्यास कोण सांगेल?

ज्याने आपणांस घडविले तो आपणांस पुरता ओळखतो व तरीही प्रीती करितो. त्याच्यासमोर ज्याने स्वतःस पाहिले, त्यास मनुष्यांसमोर मान खाली घालण्याचे किंवा फुगविण्याचे कारण उरत नाही. प्रभू आपणां सर्वांस अशी दृष्टी देवो. आमेन.